जुने चिऱ्याचे घर संगणकावर कसे उतरवावे: स्वीट होम थ्रीडी पहिल्यांदा वापरणाऱ्यांसाठी

वडिलोपार्जित घराची दुरुस्ती निघाली की घरात दोन गोष्टी सुरू होतात: मेस्ताची (बांधकाम करणाऱ्या कारागिराची) वाट पाहणे आणि वाद घालणे. न्हाणीघर आत घ्यायचे की मागीलदारीच ठेवायचे, राजांगणावर (घराच्या मधल्या उघड्या चौकावर) पत्रे घालायचे की नाही, काकांच्या खोलीची भिंत पाडली तर वरचे वासे कशावर टेकणार. वहीत काढलेला नकाशा ज्याने काढला त्यालाच कळतो. मग कोणीतरी भाचा म्हणतो, ‘सॉफ्टवेअरवर करूया की!’ तो उत्साहाने भिंती ओढतो आणि संध्याकाळपर्यंत पडद्यावर जे घर उभे राहते त्यात खोल्या लहान, छप्पर सपाट आणि भिंती पुठ्ठ्याच्या दिसतात. सॉफ्टवेअर बिनकामाचे ठरते आणि विषय संपतो.

तसे होऊ नये म्हणून हे लिहितो आहे. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातले आमचे घर मी असेच उतरवले, नंतर नात्यातल्या काहींना मदत केली. सगळ्यांच्या अडचणी जवळपास त्याच होत्या. ‘सॉफ्टवेअर चुकते’ म्हणून आलेल्या बहुतेक तक्रारींचे मूळ मोजमापात किंवा सुरुवातीच्या सेटिंगमध्ये सापडले. हे प्रोग्राम नव्या फ्लॅटच्या हिशेबाने बनवलेले असतात: पातळ भिंती, नेमके काटकोन, सपाट स्लॅब. आपले घर तसे नाही, हे पहिली रेघ ओढण्याआधी त्याला सांगावे लागते.

१. कोणते सॉफ्टवेअर घ्यावे

मी स्वीट होम थ्रीडी सुचवतो. ते मुक्त स्रोताचे आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते आणि एकदा बसवले की इंटरनेट लागत नाही. जूनमध्ये वीज आणि नेट दोन्ही बेभरवशाचे होतात, तेव्हा ब्राउझरमधल्या प्रोग्रामवर विसंबणारा माणूस लॅपटॉपसमोर नुसता बसून राहतो. स्केचअप अधिक ताकदीचे आहे, पण पहिल्याच घरासाठी ते शिकायला बसलात तर घर राहील बाजूला. मोबाइलवरची अॅप्स रंग आणि सोफे निवडायला ठीक, जुन्या घराचे माप त्यांच्यावर सोपवू नका.

डाउनलोड मूळ संकेतस्थळावरूनच करा. मायक्रोसॉफ्ट आणि अॅपलच्या स्टोअरवर पैसे देऊन घ्यायची आवृत्तीही आहे, तिच्यात फर्निचरचे नमुने जास्त आहेत, एवढेच. आराखडा काढायला फुकटची पुरते. मेनू इंग्रजीतच राहू द्या, कारण मदतीची पाने आणि व्हिडिओ त्याच नावांनी बोलतात.

२. हाताशी काय हवे

- ३० मीटरची फायबर टेप आणि ५ मीटरची साधी टेप. लेझर मीटर असल्यास उत्तम, पण तो टेपच्या जोडीला असावा, तिच्या जागी नाही.
- ओळंबा. जुन्या भिंती वरून-खालून एका जाडीच्या असतीलच असे नाही.
- चौकटीची वही, पेन्सिल आणि टेपचे दुसरे टोक धरणारा एक शांत स्वभावाचा माणूस.
- एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीच्या हक्कनोंदीचा कागद) आणि सर्व्हे प्लॅन. शहरी भागात असाल तर सिटी सर्व्हेचा फॉर्म डी.
- जुना परवाना किंवा मंजूर आराखडा घरात कुठे ट्रंकेत असेल तर तो, आणि घरपट्टीची पावती.
- माउस. लॅपटॉपच्या टचपॅडवर भिंती ओढू नका, मनस्ताप होतो.

संगणक फार भारी लागत नाही. रॅम ८ जीबी असेल तर साध्या घराचे काम निभते.

३. मोजमाप: इथे घाई करू नका

एकक आधी ठरवा. सुतार फूट, इंच आणि सुतात बोलतो, सरकारी कागद चौरस मीटरमध्ये असतात, आणि आपण दोन्हींच्या मध्ये अडकतो. माझा सल्ला: मोजताना आणि काढताना सेंटिमीटर, सुताराशी बोलताना फूट-इंच. १ फूट म्हणजे ३०.४८ सेंमी, १ सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३ मिमी.

फूट-इंचातच काम करायचे असेल तर एक सापळा ध्यानात ठेवा. १० फूट ६ इंच म्हणजे १०.६ फूट नव्हे, १०.५ फूट. १० फूट ११ इंच हे १०.११ असे टाइप केले तर खोली जवळजवळ दहा इंचांनी आखडते, आणि पडद्यावर ती चूक दिसत नाही. पुढे कपाट बसेना की शोधाशोध सुरू.

प्रत्येक खोलीसाठी ही मापे घ्या:

चारही बाजू, जमिनीपासून साधारण कमरेच्या उंचीवर. दोन्ही कर्ण. भिंतीची जाडी. दार आणि खिडकीची रुंदी, उंची, जवळच्या कोपऱ्यापासूनचे अंतर, आणि खिडकीचा उंबरा जमिनीपासून किती वर आहे ते. उंची दोन ठिकाणी: वळचणीकडे आणि आढ्याखाली.

कर्ण का, असे सगळेच विचारतात. चार बाजूंवरून खोलीचा आकार ठरत नाही. त्याच बाजूंची खोली सरळही असू शकते, तिरकीही. गवंडी गुण्या तपासायला ३-४-५ चे माप लावतो, त्याच तत्त्वावर आपल्याला तिरकेपणा मोजता येतो. समजा एक बाजू ४.०० मीटर, तिला लागून असलेली ३.०० मीटर. कोपरा काटकोनात असेल तर समोरचा कर्ण ५.०० मीटर भरेल. तो ५.१० भरला तर कोपरा साधारण ९२.४ अंशांचा आहे. गणित असे: दोन्ही बाजूंचे वर्ग मिळवा, त्यातून कर्णाचा वर्ग वजा करा, उरलेल्याला दोन्ही बाजूंच्या गुणाकाराच्या दुपटीने भागा, आणि मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर त्याचा व्यस्त कोसाइन काढा. शाळेत हे कशासाठी शिकलो, याचे उत्तर निदान एकदा तरी मिळते.

फरक दोन-तीन सेंटिमीटरांचा असेल तर सोडून द्या, खोली काटकोनी धरा. ज्या भिंतीला स्वयंपाकाचा ओटा किंवा अंगच्या मापाचे कपाट लागणार आहे, तिथे मात्र सोडू नका.

भिंतीची जाडी दाराच्या चौकटीपाशी मोजा. दार नसेल तर बाहेरचे एकूण माप घेऊन त्यातून आतले वजा करा. चिऱ्याची भिंत गिलाव्यासह ३५ ते ४५ सेंमीपर्यंत सहज जाते आणि एकाच घरात वेगवेगळी असते: मूळ घराची जाड, नंतर वाढवलेल्या पडवीची कमी, आणि कधीतरी विटेची घातलेली आडभिंत जेमतेम १२.

लेझर मीटर वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. यंत्र स्वतःच्या मागच्या टोकापासून मोजते आहे की पुढच्या, हे सेटिंगमध्ये असते. ते मध्येच बदलले तर प्रत्येक मापात यंत्राच्या लांबीएवढी चूक शिरते. दुसरे, गिलावा नसलेल्या चिऱ्यावर ठिपका खड्ड्यात पडतो, म्हणून समोर वहीचा पुठ्ठा टेकवून मोजा. उन्हात अंगणात तो ठिपका दिसतच नाही, तिथे टेपच.

४. पहिली रेघ ओढण्याआधी

प्रेफरन्सेस उघडा. एकक सेंटिमीटर किंवा मीटर करा. नव्या भिंतीची जाडी तिथे मुळात ७.५ सेंमी असते आणि उंची २५० सेंमी. पुठ्ठ्याच्या भिंतींचे कारण हेच. तिथे आपल्या घरातली सर्वांत जास्त आढळणारी जाडी लिहा, म्हणजे ३८ असेल तर ३८, आणि उंची वळचणीकडची लिहा. ही सेटिंगे आधीच ओढलेल्या भिंतींना लागू होत नाहीत, म्हणून हे काम पहिलेच.

तिथेच ठरावीक मिनिटांनी आपोआप बचत करण्याची सोय आहे, ती सुरू ठेवा. शिवाय प्रत्येक मोठ्या बदलाआधी ‘सेव्ह अॅज’ करून नावात तारीख घाला. पावसाळ्यात तर हे हवेच. घरातल्यांचे मतही बदलते आणि जुनी मांडणी परत मागतात, तेव्हा ती हाताशी असते.

५. सर्व्हे प्लॅन खाली अंथरायचा

‘प्लॅन’ मेनूत ‘इम्पोर्ट बॅकग्राउंड इमेज’ आहे. स्कॅन केलेला कागद तिथे घेतला की प्रोग्राम आधी एक रेघ देतो. ती माहीत असलेल्या अंतरावर बसवायची आणि खरी लांबी टाइप करायची. मग आरंभबिंदू विचारतो, तो घराच्या एखाद्या कोपऱ्यावर ठेवा.

कागदावर छापलेल्या स्केलवर विश्वास ठेवू नका. झेरॉक्समध्ये कागद थोडा आखडतो किंवा पसरतो, आणि फोनने फोटो काढला असेल तर एक बाजू लांब, दुसरी आखूड होते. म्हणून स्कॅनरवर स्कॅन करा, स्केल एका दिशेने बसवा आणि मग आडव्या दिशेचे दुसरे माहीत असलेले अंतर तपासा. दोन्ही जुळले तरच पुढे जा.

आणखी एक. सर्व्हे प्लॅनवर घराची जी आकृती असते तिचा उपयोग जागेच्या हद्दी, वाट आणि उत्तर दिशा यांपुरता. घराच्या भिंती तिच्यावरून गिरवू नका, त्या तुमच्या वहीतल्या मापांनीच काढायच्या.

६. भिंती: सगळ्यांत मोठा सापळा

स्वीट होम थ्रीडीत तुम्ही जी रेघ ओढता ती भिंतीच्या मध्यावरून जाते. मापे आपण घेतलेली असतात आतून. खोली आतून ३.६० मीटर आहे आणि तुम्ही ३.६० टाइप केले, तर दोन्ही बाजूंच्या ३८ सेंमीच्या भिंती अर्ध्या-अर्ध्या आत येतात आणि खोली उरते ३.२२ ची. पातळ भिंतीच्या फ्लॅटमध्ये हा फरक कोणाच्या लक्षात येत नाही, चिऱ्याच्या घरात पलंगच बसेनासा होतो.

उपाय सोपा: आतल्या मापात दोन्ही टोकांच्या भिंतींची अर्धी-अर्धी जाडी मिळवा. दोन्हीकडे ३८ असेल तर ३.६० + ०.१९ + ०.१९ = ३.९८. एकीकडे १२ ची विटेची भिंत असेल तर ३.६० + ०.१९ + ०.०६ = ३.८५. वहीत मापाशेजारी दुसऱ्या रंगाने हा आकडा आधीच लिहून ठेवा, संगणकासमोर बसून बेरजा करू नका.

आता काढायला घ्या. ‘क्रिएट वॉल्स’ निवडा, पहिल्या कोपऱ्यावर क्लिक करा आणि माउस भिंतीच्या दिशेला नेऊन एंटर दाबा. लांबी, कोन आणि जाडी टाइप करायचे रकाने उघडतात. माउसने अंदाजे ओढून नंतर दुरुस्त करण्यापेक्षा हे कितीतरी बरे. शेवटची भिंत ओढून झाली की डबल क्लिक किंवा एस्केप.

तिरक्या कोपऱ्यांबाबत: मॅग्नेटिझम (रेघ ठरावीक कोनात खेचणारी सोय) सुरू असले की भिंती १५ अंशांच्या पटीत वळतात, त्यामुळे ९२.४ चा कोपरा माउसने कधीच येत नाही. कोन टाइप करा. काटकोनात असताना रकान्यात जो आकडा दिसतो त्यात २.४ मिळवून पाहा. भिंत उलटीकडे झुकली तर वजा करा. विंडोजवर अल्ट कळ दाबून धरली की मॅग्नेटिझम तेवढ्यापुरते थांबते. मग डायमेन्शन (माप दाखवणाऱ्या) रेषेने कर्ण मोजून वहीशी ताडा.

खोलीची चौथी भिंत टाइप न करता सरळ पहिल्या भिंतीच्या सुरुवातीवर नेऊन जोडा आणि तिची लांबी वहीतल्या आकड्याशी पाहा. जुळली तर छान. पाच-सहा सेंटिमीटरांहून जास्त फरक आला तर कुठेतरी माप चुकले आहे. टेप घेऊन परत त्या खोलीत जा. संगणकावर ओढाताण करून खोली ‘जुळवू’ नका, ती चूक पुढच्या खोलीत सरकते आणि शेवटी देवघर बाहेर अंगणात येते.

एका वेळी एकच खोली पूर्ण करा. मी राजांगणापासून सुरुवात करावी असे म्हणेन, कारण बाकीच्या खोल्या त्याच्याभोवती रचलेल्या असतात आणि चुका तिथे लवकर उघड्या पडतात. राजांगण नसेल तर ओसरीपासून.

भिंतीचा रंग भलत्याच बाजूला लागला तर घाबरू नका. प्रोग्राममध्ये भिंतीची डावी आणि उजवी बाजू ती ओढण्याच्या दिशेवरून ठरते. सगळ्या खोल्या घड्याळाच्या दिशेने काढायची सवय लावली तर उजवी बाजू नेहमी आतली राहते.

७. दारे-खिडक्या

कॅटलॉगमधून उचलून भिंतीवर आणली की ती आपोआप चिकटते आणि भिंत कापते. माप नंतर बदला. दार उलट उघडत असेल तर ‘मॉडिफाय फर्निचर’मध्ये आरसा-प्रतिमेची खूण करा. बाहेरून आणलेला खिडकीचा नमुना भिंत कापत नसेल, तर आयात करताना ‘दार/खिडकी’ ही खूण राहिली असणार. शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी कॅटलॉगात शोधत बसू नका. साधी लाकडी खिडकी घ्या, काम भागते.

८. जोते आणि छप्पर

आपली घरे जोत्यावर उभी असतात आणि प्रोग्राम सगळे जमिनीच्या पातळीवर धरतो. उपाय: लेव्हल (नवी पातळी) जोडा आणि तिची जमिनीपासूनची उंची, म्हणजे ‘एलिव्हेशन’, जोत्याएवढी द्या, समजा ६० सेंमी. अंगण, तुळशी वृंदावन आणि पायऱ्या खालच्या शून्य लेव्हलवर, घर वरच्या. बल्काव (दारापुढची बसायची ओटी) बहुधा या दोहोंच्या मध्ये असतो, त्याला स्वतंत्र लेव्हल देता येते. हे केले नाही तर न्हाणीघराच्या पाण्याचा उतार, पायऱ्यांची संख्या, सगळेच खोटे निघते.

कौलारू छपराची तयार सोय मूळ प्रोग्राममध्ये नाही. सपाट छत दिसते ते खोलीचे सीलिंग असते. ‘मॉडिफाय रूम्स’मध्ये ते दाखवण्याची खूण काढा. मग त्रिकोणी भिंत घ्या. ती मध्यावर दुभागा, दोन्ही तुकडे ‘स्लोपिंग वॉल’ करा आणि सुरुवातीची व शेवटची उंची वेगवेगळी द्या. घराची रुंदी ६ मीटर आणि उतार ३० अंशांचा असेल तर आढे वळचणीपेक्षा सुमारे १.७३ मीटर वर जाते, म्हणजे वळचण २७० सेंमीवर असेल तर आढे ४४३ वर. तुमचा उतार किती ते मात्र वर मोजलेल्या दोन उंचींवरून काढा, माझा आकडा घेऊ नका.

छपरासाठी कॅटलॉगमधली साधी पेटी घ्या, ती पातळ करा, हवा तितका कोन देऊन तिरकी करा आणि वर ठेवा. लांबी काढताना वळचणीबाहेर येणारा भाग विसरू नका: अर्धी रुंदी ३ मीटर आणि बाहेर ७५ सेंमी असेल तर ३.७५ मीटर आडवे अंतर, ३० अंशांत तिरकी लांबी सुमारे ४.३३ मीटर. हा बाहेरचा भाग पडद्यावर छोटा केला की घर ‘मॉडर्न’ दिसते, आणि कोणीतरी तसेच करा म्हणतो. सॉफ्टवेअरला पाऊस पडत नाही. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिमी पडतो आणि तो पश्चिमेकडून, नैऋत्येकडून तिरका मारतो. वळचण कापलेल्या भिंती ऑगस्टपर्यंत कशा होतात ते शेजाऱ्यांकडे पाहून या.

वासे आणि रीप काढत बसू नका. वेळ जातो, 3डी दृश्य जड होते आणि त्यातून निर्णय एकही निघत नाही. आढ्याची तुळई आणि तिला धरणाऱ्या भिंती तेवढ्या दाखवा. ‘ही भिंत पाडू का’ या वादात त्याच कामाला येतात.

९. ऊन कुठून येते ते पाहा

माझ्या मते या सॉफ्टवेअरचा हा सर्वांत उपयोगी भाग, आणि बहुतेक लोक त्याला हातच लावत नाहीत. प्लॅनवरच्या कंपासवर डबल क्लिक करा. अक्षांश-रेखांश गोव्याचे घाला (पणजीसाठी १५.५ उत्तर, ७३.८ पूर्व), वेळ भारतीय ठेवा आणि उत्तर दिशा बसवा. उत्तर फोनच्या होकायंत्रावरून घेऊ नका. खिडकीचे गज, स्कूटर, स्लॅबमधल्या सळ्या जवळ असल्या की ते भरकटते. सर्व्हे प्लॅनवरची किंवा उपग्रह नकाशावरची दिशा घ्या.

मग ‘क्रिएट फोटो’मध्ये तारीख आणि वेळ निवडून चित्र काढा. हे रकाने पुसट दिसत असतील तर दर्जा खालचा निवडलेला आहे. वरच्या दोन दर्जांतच वेळ बदलता येते.

चार चित्रे पुरतात: मेच्या मध्यात सकाळी ९ आणि दुपारी ४, डिसेंबरच्या शेवटी त्याच वेळा. निकाल पाहून काहींना सॉफ्टवेअर बिघडले असे वाटते, कारण मेमध्ये भर दुपारी ऊन उत्तरेच्या खिडकीतून येताना दिसते. ते बरोबर आहे. गोव्यात मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य बरोबर माथ्यावर येतो, नंतर ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीला तो उत्तरेकडे असतो. डिसेंबरात मात्र मध्यान्हीलाही तो दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारे ५१ अंशांवर. शिवाय आपली घड्याळे बऱ्याच पूर्वेकडच्या रेखांशावर लावलेली असल्याने इथली खरी मध्यान्ह बाराला नव्हे, साडेबाराच्या आसपास होते. पश्चिमेला स्वयंपाकघर न्यायचा बेत असेल तर चारचे चित्र घरातल्या सगळ्यांना दाखवा.

१०. अडले तर

*3डी भाग काळा किंवा रिकामा दिसतो.* ग्राफिक्सचा ड्रायव्हर अद्ययावत करा आणि संगणक पुन्हा सुरू करा. लॅपटॉपला दोन ग्राफिक्स असतील तर या प्रोग्रामसाठी ताकदवान निवडा. दुसऱ्याच्या संगणकावर दुरून जोडून काम करत असाल तर हा भाग चालेलच असे नाही, प्रत्यक्ष त्या मशीनवर बसून पाहा.

*घरच दिसत नाही, नुसते आकाश.* तुम्ही ‘व्हर्च्युअल व्हिजिट’मध्ये आहात आणि पाहणारा माणूस कुठेतरी शेतात जाऊन उभा आहे. ‘एरियल व्ह्यू’ निवडा.

*खोलीत डबल क्लिक केले तरी जमीन तयार होत नाही.* ‘क्रिएट रूम्स’ निवडलेले असतानाच हे होते, आणि भिंती सगळीकडून बंद असाव्या लागतात. कोपरे मोठे करून पाहा, एखादी भिंत दुसरीला टेकलेली दिसते पण जोडलेली नसते. दोन्ही भिंती निवडून ‘जॉइन वॉल्स’ करा. ओसरी एका बाजूने उघडी असल्याने तिथे हे चालत नाही, तिचे कोपरे एकेक क्लिक करून जमीन काढा.

*सगळे मंद झाले.* दोषी बहुतेक वेळा इंटरनेटवरून आणलेले झाड किंवा नक्षीचा सोफा असतो. अंगणातला माड कितीही हवासा वाटला तरी काम संपेपर्यंत लपवून ठेवा. चिऱ्याच्या भिंतीचा फोटो टेक्श्चर (पृष्ठभागावर चढवायचे चित्र) म्हणून घालणार असाल तर फोनचा मूळ फोटो तसाच घालू नका, हजारेक पिक्सेलपर्यंत लहान करा. फोटो ढगाळ दिवशी, भिंतीसमोर सरळ उभे राहून काढा आणि त्यात भिंतीचा किती सेंटिमीटरांचा भाग आला ते आयात करताना लिहा. नाहीतर चिरे विटांएवढे दिसतात.

*फोटोत आतल्या खोल्या अंधाऱ्या येतात.* ‘लाइट्स’ गटातले दिवे घाला. फार घातले तर चित्र तयार व्हायला रात्र जाते.

*‘देवघर’, ‘न्हाणीघर’ लिहिले तर चौकोन दिसतात.* फॉन्ट बदलून देवनागरी असलेला घ्या. विंडोजवर मंगल किंवा निर्मला असतो.

*कुवेतमधल्या भावाला पाठवलेली फाइल उघडत नाही.* त्याच्याकडे जुनी आवृत्ती असण्याची शक्यता जास्त. एसएच3डी फाइलमध्ये (स्वीट होम थ्रीडीच्या स्वतःच्या फाइलमध्ये) नमुने आणि टेक्श्चर सगळे आतच असते, वेगळे काही पाठवावे लागत नाही. त्याला नुसते पाहायचेच असेल तर पीडीएफ आणि चार चित्रे पाठवा. हिस्सेदाराच्या हातात बदलता येणारी फाइल न दिलेली बरी, असेही माझे एक मत आहे.

११. छापून मेस्ताला देताना

‘पेज सेटअप’मध्ये स्केल निवडा. १/१०० ला बहुतेक घरे ए४ कागदावर मावतात, एकेका खोलीसाठी १/५० घ्या. मग छापखान्यात खरा घोळ होतो: पीडीएफ छापताना ‘फिट टू पेज’ लागलेले असते आणि स्केल मोडते. ‘अॅक्चुअल साइझ’ सांगा. खात्रीसाठी आराखड्यात ५ मीटरची एक डायमेन्शन रेषा बाजूला काढून ठेवा. १/१०० ला ती पट्टीवर बरोबर ५ सेंमी भरली पाहिजे.

मेस्ताच्या हातात रंगीत चित्र आधी देऊ नका, तो सोफ्याबद्दल बोलत बसेल. मापे लिहिलेला साधा नकाशा द्या, त्यावर फूट-इंच हाताने लिहा, आणि पाडायच्या भिंती लाल पेन्सिलीने रंगवा. मापे भिंतीच्या मध्यातून आहेत की आतून, हे कागदावर ठळक लिहा. आतून असलेलीच त्याला समजतात.

१२. या नकाशावर परवाना मिळत नाही

घरी काढलेला आराखडा समजून घेण्यासाठी आहे. बांधकाम वाढवायचे, उंची बदलायची किंवा नवे बांधायचे असेल तर नगरनियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी आणि पंचायतीचा परवाना लागतो. पंचायतीचा परवाना १९९४ च्या गोवा पंचायत राज कायद्याखाली येतो. अर्जासोबतचे नकाशे नोंदणीकृत वास्तुविशारद किंवा अभियंत्याच्या सहीचे असावे लागतात. हद्दीपासून किती अंतर सोडायचे, किती बांधता येते हे २०१० च्या बांधकाम नियमावलीत आहे, आणि ते जमिनीच्या झोनवर अवलंबून असते. किनारा किंवा खाडी जवळ असेल तर सीआरझेडचा (किनारी भागातल्या बांधकामावरच्या निर्बंधांचा) प्रश्न वेगळा. नुसती कौले बदलायची असली तरी पंचायतीत विचारून घ्या, दुरुस्तीलाही परवानगी मागितली जाते.

एक-चौदावर कोणाकोणाची नावे आहेत ते सॉफ्टवेअरला हात लावण्याआधीच वाचा. घर सामायिक असेल तर बाकीच्यांची संमती मागितली जाईल, आणि मुंडकाराचे (दुसऱ्याच्या जमिनीवर मालकाच्या संमतीने राहणाऱ्याचे) घर असेल तर १९७५ चा मुंडकार कायदा लागू होतो. तिथे वकिलाला विचारा.

अभियंत्याला एसएच3डी फाइल देऊन उपयोग नाही, तो कॅडमध्ये (अभियंत्यांच्या आरेखन प्रोग्राममध्ये) काम करतो आणि स्वीट होम थ्रीडी मूळ स्वरूपात त्याला लागणारी डीडब्ल्यूजी फाइल काढून देत नाही. त्याला छापील नकाशा आणि मापांच्या वहीची झेरॉक्स द्या. तो घर पुन्हा मोजेलच, मोजू द्या. त्याची मापे आणि तुमची मापे शेजारी ठेवून जिथे फरक दिसेल, तिथे टेप घेऊन दोघांनी मिळून एकदा जा.